कौटुंबिक कायदा आणि धोरणाचा अभ्यास : ऑनलाइन भरवशाचं काय आणि ते पडताळायचं कसं?

रानजाई

पोटगी आणि मुलांचा ताबा या दोन विषयांवर महाराष्ट्रापुरतं एक धोरण-टिपण तयार करायचं आहे. मी वकील नाही, पार्श्वभूमी समाजकार्याची आहे. नेटवर शोधलं की पहिली दहा पानं वकिलांच्या जाहिरातवजा ब्लॉगांची निघतात. एकाच कलमाचे तीन ठिकाणी तीन पाठ दिसतात. पोटगीचं कलम एका ठिकाणी १२५, दुसरीकडे १४४. 'संयुक्त ताबा कायद्याने मान्य' असं एक साइट म्हणते, दुसरी म्हणते असा कायदाच नाही.

मला हवं आहे ते असं : कायद्याचा आजचा पाठ कुठे वाचावा, निकाल फुकटात कुठे मिळतात आणि ते अजून टिकून आहेत हे कसं कळतं, राज्याचे शासन निर्णय कसे शोधावेत आणि आकडेवारी कुठली वापरावी. सशुल्क डेटाबेस परवडणार नाहीत.

---

कलमदान

ताई, सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या. हाती आलेला कागद अधिनियम आहे, विधेयक आहे, आयोगाची शिफारस आहे की न्यायालयाचा निकाल, हे ठरवल्याशिवाय पुढे वाचूच नका. तुमचा संयुक्त ताब्याचा घोळ तिथलाच आहे. विधी आयोगाच्या मे २०१५च्या २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस आहे, सोबत दुरुस्तीचा मसुदाही आहे. संसदेने तो कायदा म्हणून कधी केलाच नाही. न्यायालयं आपल्या अधिकारात तसे आदेश देतात ती गोष्ट वेगळी. म्हणजे दोन्ही साइट अर्धं अर्धं बरोबर सांगताहेत.

मुलींच्या लग्नाच्या वयाचंही हेच झालं. २१ वर्षांचं विधेयक डिसेंबर २०२१मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, स्थायी समितीकडे गेलं आणि २०२४मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. 'वय आता २१' असं ठामपणे सांगणारी पानं मात्र अजून जागच्या जागी आहेत.

कायद्याच्या पाठासाठी 'इंडिया कोड' हे सरकारी संकेतस्थळ. अधिनियमाचं नाव टाका, कलमावर क्लिक करा आणि तळटीप न चुकता वाचा. कुठल्या दुरुस्तीने कुठले शब्द आले आणि ते कुठल्या तारखेपासून लागू झाले, हे तिथेच असतं. जुन्या ब्लॉगांवर कलम १२५ खाली ५०० रुपयांची कमाल मर्यादा अजून दिसते. ती २००१च्या दुरुस्तीने गेली.

१२५ की १४४? दोन्ही. १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं १२५ ते १२८ आता १४४ ते १४७ झाली. त्या तारखेआधी दाखल होऊन प्रलंबित असलेली प्रकरणं जुन्या संहितेखालीच चालतात. भारतीय दंड संहितेचं ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेत ८५ आणि ८६ आहे. क्रूरतेची व्याख्या ८६मध्ये वेगळी काढली आहे. ३०४-ब (हुंडाबळी) म्हणजे ८०. शोधताना नेहमी दोन्ही क्रमांक टाका. नुसता नवा टाकला तर पन्नास वर्षांचे निकाल हातचे जातात, आणि नुसता जुना टाकला तर ताजे.

इंडिया कोडची एक खोट : मूळ अधिनियम तिथे बऱ्यापैकी अद्ययावत असतात, पण नियम आणि अधिसूचना मागे पडतात. सरोगसीचे नियम पाहा. दात्याचं बीज (बीजांड किंवा शुक्राणू) वापरता येणार नाही अशी दुरुस्ती १४ मार्च २०२३ला आली. वैद्यकीय कारण असेल आणि जिल्हा वैद्यकीय मंडळाने प्रमाणित केलं तर जोडप्यापैकी एकासाठी दात्याचं बीज चालेल, अशी दुसरी दुरुस्ती २१ फेब्रुवारी २०२४ला आली. वर्षभरात नियम जवळजवळ उलटा फिरला. अशा वेळी केंद्राचं ई-राजपत्र उघडून अधिसूचनाच पाहावी लागते. तिथे मंत्रालय आणि तारखांची मर्यादा घालून शोधलेलं बरं, विषयाच्या शब्दांवर फार विसंबू नका.

---

जुनाबार

निकालांबद्दल.

सर्वोच्च न्यायालयासाठी 'ई-एससीआर' : अधिकृत निर्णयसंग्रह, २०२३पासून सगळ्यांना मोफत. उच्च न्यायालयांसाठी ई-कोर्ट्सचं निकाल-शोध पोर्टल. त्यात शब्दशोधाबरोबर न्यायालय, पीठ आणि वर्षाची चाळणी लावता येते. कॅप्चाचा त्रास सोसावा लागतो.

छापील संग्रहाच्या खंड-पानाच्या दाखल्याऐवजी तटस्थ क्रमांक ('न्यूट्रल सायटेशन', म्हणजे न्यायालयाने स्वतः निकालाला दिलेला क्रमांक) टिपून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाचा क्रमांक वर्ष, मग 'आयएनएससी', मग आकडा असा असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकातून पीठही कळतं : 'बीएचसी-एएस' म्हणजे मुंबईची अपील शाखा, 'ओएस' म्हणजे मूळ शाखा, 'एनएजी' नागपूर, 'एयूजी' औरंगाबाद. हा क्रमांक कुठल्याही प्रकाशकाच्या खंडावर अवलंबून नाही, त्यामुळे फुकट साइटवरही तोच निकाल नेमका सापडतो.

इंडियन कानून ही निकालांची मोफत खासगी साइट वापरा, जरूर वापरा. त्याच्याइतका झटपट शोध सरकारी पोर्टलवर नाही. वाक्प्रयोग दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, न्यायालय निवडा, तारखेनुसार लावा. फक्त त्याला शोधयंत्र समजा, पुरावा समजू नका. निकाल उलटवला गेला असेल तर ठळक लाल शेरा तिथे मिळेल, अशी आशा ठेवू नका. त्यासाठी प्रत्येक महत्त्वाच्या निकालाची 'सायटेड बाय' यादी (तो निकाल पुढे कुठल्या निकालांत उद्धृत झाला ती) उघडायची, ताजे वर, आणि त्यात मोठ्या पीठाचे निकाल आधी वाचायचे. ठळक उदाहरण : मुलींच्या सहदायाद हक्कावरचा (वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने मिळणाऱ्या वाट्यावरचा) 'प्रकाश विरुद्ध फुलवती' हा २०१५चा दोन न्यायाधीशांचा निकाल. ११ ऑगस्ट २०२०ला 'विनिता शर्मा' प्रकरणात तीन न्यायाधीशांनी तो फिरवला. २०१५चं पान आजही सुंदर उघडतं, वाचायलाही पटतं. उपयोग शून्य.

पोटगीसाठी तुमचा पाया 'रजनीश विरुद्ध नेहा', ४ नोव्हेंबर २०२०. हा निकाल संपूर्ण उतरवून घ्या, बातमीतला सारांश नको, कारण मालमत्ता आणि देण्यांच्या प्रतिज्ञापत्राचे नमुने निकालाला जोडलेल्या परिशिष्टांत आहेत आणि सारांशांतून तेच गळतात. शेतीवर उपजीविका असणाऱ्यांसाठी तिथे वेगळा नमुना आहे. विदर्भ-मराठवाड्यावर लिहिणाऱ्याने तो पाहिलाच पाहिजे. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, हेही याच निकालात.

आणखी एक नेहमीची गफलत. १ मे २०२३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या निकालाचा अर्थ 'संसार मोडला की आता घटस्फोट मिळतो' असा लावला जातो. तो अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२खाली फक्त सर्वोच्च न्यायालयाचा आहे. कौटुंबिक न्यायालयाला किंवा उच्च न्यायालयाला तो नाही, आणि हिंदू विवाह अधिनियमात ते कारण आजही लिहिलेलं नाही. विधी आयोगाने १९७८ आणि २००९ असं दोनदा सुचवलं, २०१३मध्ये राज्यसभेने विधेयक मंजूरही केलं, पण ते पुढे गेलं नाही. धोरण-टिपणासाठी हा इतिहास कामाचा आहे.

---

रानजाई

खूप उपयोगी, धन्यवाद दोघांनाही. एक शंका : फक्त अधिनियम नीट वाचला तर निकालांत एवढं शिरायची गरज आहे का? टिपण वीस पानांचं आहे. आणि कौटुंबिक न्यायालयांचे आदेश थेट वाचता येतील का? पोटगीची रक्कम प्रत्यक्षात किती ठरते, ते पाहायचं होतं.

---

कलमदान

गरज आहे. अपिलाची मुदतच घ्या. कौटुंबिक न्यायालय अधिनियम १९८४चं कलम १९ म्हणतं ३० दिवस. हिंदू विवाह अधिनियमाचं कलम २८ म्हणतं ९० दिवस. दोन्ही पाठ अद्ययावत, दोन्ही अधिकृत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हिंदू विवाह अधिनियमाखालच्या अपिलांना ९० दिवसांची मुदत धरली आहे. हे अधिनियम कितीही वेळा वाचला तरी कळणार नाही.

---

जुनाबार

कौटुंबिक न्यायालयांचे आदेश : इथे अपेक्षा कमी ठेवा. ई-कोर्ट्सवर सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) प्रकरणाची स्थिती, तारखा, टप्पे दिसतात; महाराष्ट्रातला क्रमांक 'एमएच'ने सुरू होतो. पण वैवाहिक प्रकरणात आदेशाची प्रत बऱ्याचदा सर्वांना खुली नसते, आणि त्यामागे कारण आहे. कौटुंबिक न्यायालय अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे एका पक्षकाराने मागणी केली तरी कामकाज बंद दालनात घ्यावं लागतं. हिंदू विवाह अधिनियमाचं कलम २२ त्या कामकाजाचा मजकूर छापायला बंदी घालतं. अपवाद फक्त उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांचा, तोही त्या न्यायालयाच्या परवानगीने छापलेल्या.

म्हणून 'शंभर आदेश गोळा करून सरासरी पोटगी काढते' हा बेत सोडा. उच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या प्रकरणांतून रक्कम काढता येईल, पण ती सरासरी नव्हे. तिथवर जाणारे लोक मुळात वकिलाचा खर्च पेलणारे किंवा जिद्दीला पेटलेले असतात, हे टिपणात लिहा. आणि उच्च न्यायालयाचा निकाल वापरतानाही लहान मुलांची नावं, शाळा, पत्ते उतरवू नका. निकालात छापलेले असले तरी.

---

आकडेमोड

आता माझा प्रांत. कौटुंबिक विषयात आकडे चुकत नाहीत, आकडा कशाचा आहे ते चुकतं.

बालविवाह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ प्रमाणे २० ते २४ वयोगटातल्या ज्या स्त्रियांचं लग्न १८ वर्षांआधी झालं, त्यांचं प्रमाण देशात २३.३ टक्के, महाराष्ट्रात २१.९ टक्के. २०२१मध्ये बालविवाह प्रतिबंध अधिनियमाखाली अख्ख्या देशात नोंदले गेलेले गुन्हे १,०५०. दोन्ही आकडे सरकारी. पहिला घरोघरी विचारून आलेला, दुसरा पोलीस ठाण्यात नोंदला गेलेला. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा (एनसीआरबी) आकडा म्हणजे 'घडलेलं' नव्हे, 'नोंदलेलं'. शिवाय एका प्राथमिक माहिती अहवालात अनेक कलमं असली तर सगळ्यात गंभीर कलमाखाली एकदाच मोजणी होते. म्हणून बालविवाहाबरोबर लैंगिक अत्याचाराचं कलम लागलं की ते प्रकरण बालविवाहाच्या रकान्यात दिसेलच असं नाही.

कौटुंबिक हिंसाचार अधिनियम २००५चा रकाना त्याहून फसवा. तिथे देशभरात वर्षाला काहीशे गुन्हे दिसतात आणि कुणीतरी लेख लिहितो की कायदा कुणी वापरतच नाही. अहो, त्या अधिनियमाखालचा अर्ज मुळात दिवाणी स्वरूपाचा. संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१खाली गुन्हा होतो, तेवढाच पोलिसांच्या मोजणीत येतो. न्यायालयात दाखल अर्जांचा आकडा हवा असेल तर गुन्ह्यांच्या अहवालात तो शोधायचाच नाही.

पाहणी-५ वापरताना आणखी एक सापळा. कालावधी २०१९-२१ छापलेला असतो, म्हणून लोक ती 'लॉकडाउननंतरची' समजतात. क्षेत्रकाम दोन टप्प्यांत झालं. महाराष्ट्र आणि गोवा पहिल्या टप्प्यात होते, तो जानेवारी २०२०मध्येच संपला होता. करोनाचा कौटुंबिक हिंसाचारावर काय परिणाम झाला, हे महाराष्ट्राच्या या आकड्यांवरून सांगता येत नाही. पतीकडून होणाऱ्या हिंसेचे प्रश्न निवडक घरांतच विचारले जातात, त्यामुळे जिल्ह्याच्या माहितीपत्रकात तो आकडा नसतो. 'आमच्या जिल्ह्यात इतके टक्के' असं कुणी सांगितलं की स्रोत मागा.

घटस्फोटाचं प्रमाण. 'भारतात एक टक्का' हे वाक्य हजार ठिकाणी आहे आणि त्याला मूळ नाही. देशात घटस्फोटांची केंद्रीय नोंदवहीच नाही. जनगणना २०११चा तक्ता सी-२ वैवाहिक स्थिती देतो; त्यात घटस्फोटित आणि विभक्त हे रकाने वेगळे आहेत. तो त्या दिवशी त्या स्थितीत असलेल्यांचा आकडा, पुनर्विवाह केलेले त्यात दिसत नाहीत. प्रमाण म्हणून वापरायचा असेल तर हे सांगूनच वापरा.

प्रलंबित खटल्यांसाठी राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड. तिथला आकडा रोज बदलतो, म्हणून पडद्याचं छायाचित्र आणि तारीख दोन्ही ठेवा. कौटुंबिक न्यायालयांची राज्यवार संख्या आणि निकाली प्रकरणं हवी असतील तर संसदेच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरं शोधा. विधी व न्याय मंत्रालय, 'फॅमिली कोर्ट्स', वर्ष. अतारांकित प्रश्नांच्या लेखी उत्तरांना जोडलेले तक्ते हे माझ्या मते सगळ्यात कमी वापरलं गेलेलं साधन आहे. उत्तर सभागृहात दिलेलं असल्याने प्रश्न क्रमांक आणि तारखेनिशी निःशंक उद्धृत करता येतं.

---

पाटीपेन्सिल

शासन निर्णयांचं राहिलंच.

महाराष्ट्र शासनाच्या शासन निर्णय संकेतस्थळावर विभाग 'महिला व बाल विकास' निवडा, तारखांची मर्यादा द्या, मुख्य शब्द मराठीत टाका. एका शब्दावर थांबू नका. 'संरक्षण अधिकारी' टाकून पाहा, मग 'कौटुंबिक हिंसाचार', मग नुसतं 'समुपदेशन'. शोध शीर्षकात लागतो, आतल्या मजकुरात नाही असंच धरून चला. जुन्या प्रती तर निव्वळ स्कॅन आहेत. विधी व न्याय विभागाखालीही पाहा, कौटुंबिक न्यायालयांची पदं आणि स्थापना तिथे सापडते.

प्रत्येक निर्णयाला अठरा अंकी संकेतांक असतो. पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. कुणी व्हॉट्सॲपवर 'नवा जीआर' पाठवला तर आधी तो संकेतांक साइटवर टाकून पाहा. सापडला नाही तर त्या कागदावर वेळ घालवू नका.

मथळ्याखाली 'वाचा' म्हणून आधीच्या निर्णयांची यादी असते, तिच्यावरून मागे मागे जाता येतं. पुढे जायची सोय नाही. तुमच्या हातातला निर्णय नंतर अधिक्रमित झाला का, हे तो निर्णय स्वतः सांगत नाही. म्हणून सगळ्यात नव्यापासून सुरू करून मागे या, उलटं नको. राज्याची महिला धोरणं वाचायची असतील तर १९९४, २००१, २०१४ आणि २०२४ अशी चारही शेजारी ठेवून वाचा. काय गळलं ते त्यातच दिसतं.

मराठी पाठाबद्दल : केंद्रीय अधिनियमांचे प्राधिकृत मराठी पाठ १९७३च्या कायद्याखाली निघतात, पण दुरुस्त्या त्यात उशिरा चढतात. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची मराठी भाषांतरंही मिळतात. त्यांच्यावरच लिहिलेलं असतं की ती पक्षकाराला समजावीत एवढ्यापुरतीच आहेत आणि इंग्रजी पाठ प्रमाण. समजून घ्यायला मराठी घ्या, तळटीप इंग्रजीची द्या.

---

सूरदास_पुणे

वर इंडियन कानूनला नुसतं शोधयंत्र म्हटलंय, ते पटलं नाही. निकालाचा मजकूर तिथे न्यायालयाच्या साइटवरूनच येतो, चुकतो कुठे?

---

जुनाबार

शब्द सहसा चुकत नाहीत. पण तक्ते विस्कटतात, आणि निकालात नंतर न्यायालयाने दुरुस्ती केली तर जुना पाठ तसाच राहू शकतो. पोटगीच्या निकालात आकड्यांचे तक्तेच महत्त्वाचे असतात, म्हणून मूळ पीडीएफ. बाकी वाचन तिथेच करा, माझी हरकत नाही. एआयला विचारून मिळालेल्या दाखल्यांचं मात्र कडक धोरण ठेवा : तटस्थ क्रमांकाने अधिकृत पोर्टलवर निकाल उघडला आणि ते वाक्य त्या परिच्छेदात दिसलं, तरच टिपणात. नाव खरं, वर्ष खरं आणि आतलं वाक्य कुणीच न म्हटलेलं, असं सर्रास होतं.

---

मांडवीकाठ

टिपण महाराष्ट्रापुरतं आहे, तरी सिंधुदुर्ग-गोवा अशी लग्नं भरपूर होतात म्हणून लिहितो. गोव्याला हिंदू विवाह अधिनियम गृहीत धरू नका. तिथे १९६२च्या प्रशासन कायद्याच्या कलम ५ने पोर्तुगीज काळातले कौटुंबिक कायदे चालू ठेवले : १८६७ची नागरी संहिता, १९१०चे विवाह आणि घटस्फोटाचे कायदे. उत्तराधिकाराचा भाग आता गोव्याच्या २०१२च्या स्वतंत्र अधिनियमात आहे, तो संहितेत शोधत बसू नका. सप्टेंबर २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की गोव्याचा अधिवास असलेल्याच्या उत्तराधिकाराला हाच कायदा लागतो, मालमत्ता भारतात कुठेही असो. म्हणजे मुंबईतला फ्लॅटसुद्धा.

दुरुस्त्यांसाठी गोवा शासकीय मुद्रणालयाच्या साइटवरचं राजपत्र, पहिली मालिका. इंग्रजी भाषांतरं निरनिराळी फिरतात, त्यामुळे कुठल्या भाषांतरातून घेतलं ते लिहाच. आणि 'गोव्यात समान नागरी कायदा आहेच' हे वाक्य टिपणात घालण्याआधी १८८०चा हिंदूंच्या रूढींविषयीचा हुकूमनामा वाचा.

---

दूरदेशी

एका पालकाने मूल परदेशातून भारतात आणलं असेल तर ताब्यासाठी कुठे पाहावं?

---

कलमदान

हेग परिषदेचं संकेतस्थळ आणि त्यांचा 'इनकाडॅट' हा निकालसंग्रह. मात्र १९८०च्या बाल-अपहरण करारात भारत नाही. त्यामुळे तिथले निकाल इथे बंधनकारक नाहीत, तुलनेसाठी ठीक. भारतातली वाट म्हणजे उच्च न्यायालयातली बंदी प्रत्यक्षीकरण (हेबियस कॉर्पस) याचिका आणि १८९०चा पालक व पाल्य अधिनियम. परदेशी आदेश किती मानायचा, ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३वरून ठरतं. कलम ४४-अ खालच्या अधिसूचित देशांत (ज्यांच्या न्यायालयांचे हुकूमनामे इथे थेट अंमलात आणता येतात) ब्रिटन आहे, २०२०पासून संयुक्त अरब अमिरातीही आहे, अमेरिका नाही. विधी आयोगाचा फेब्रुवारी २०२४चा २८७वा अहवाल अनिवासी भारतीयांच्या वैवाहिक प्रश्नांवर आहे, तो वाचा. शिफारसच आहे, हे ध्यानात ठेवून.

---

रानजाई

आधी 'वाचा' यादीवरून शासन निर्णयांची साखळी लावते, मग निकाल. आकडेमोड, संसदेतल्या उत्तरांत महाराष्ट्राची बेरीज आणि जिल्ह्यांची बेरीज जुळली नाही तर कुठली धरू?

---

आकडेमोड

दोन्ही द्या, तारखेसकट. बहुतेक वेळा एक आकडा मंजूर न्यायालयांचा असतो आणि दुसरा प्रत्यक्ष चालू असलेल्यांचा. तक्त्याच्या रकान्याचं शीर्षक जसंच्या तसं उतरवा, म्हणजे वाचणाऱ्याला फरक तिथेच कळेल. आणि पीडीएफ स्वतःकडे उतरवून ठेवा. सरकारी साइट पत्ता बदलतात आणि जुने दुवे मरतात. शक्य तिथे वेबॅक मशीनवरही एक प्रत चढवा.